मेहमान जेवला का?

आमचे घरमालक कोणतीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय घेत नसत. धंदाच तसा होता. कंदिलाच्या चिमण्या, बरण्या, अत्तराच्या कुप्या, आरसे, खिडक्यांची तावदानं, असं वाशीमच्या बाजारात काचेचं जे काही विकलं जाई ते बहुतेक त्यांच्याच दुकानातून. मुंबईहून पेंढ्यात गुंडाळून माल आला की एकेक चिमणी ते बाहेर काढत, कानाशी धरत, नखानं टिचकी मारत आणि डोळे मिटून ऐकत. तडा आपल्या डोळ्याला दिसायच्या आधी त्यांच्या कानाला दिसे. "आवाज सांगते, मास्तर," ते म्हणत. "डोये झूट बोलतीन, आवाज नाई बोलत."

इथवर काही म्हणायचं नव्हतं. पण ती टिचकी दुकान बंद केल्यावर दुकानात राहत नसे, त्यांच्याबरोबर घरी येई. दाराला टिचकी, माठाला टिचकी, टरबुजाला, तांब्याला, कुणाच्या बकरीच्या शिंगाला. मी पहिल्यांदा खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी दोन बोटांनी माझ्या छातीवर ठोकलं आणि मान तिरकी करून ऐकलं.

"कोन्या गावचा?"

"किन्हीराजाचा."

"घरी वावर हाय?"

"आहे, थोडी जमीन."

"पोकय वाजते," ते म्हणाले, "पन तडा नाई. राहा."

मी तेव्हा नवा मास्तर, नवाच संसार, आणि स्वतःबद्दल मत बरं होतं. पोकळ म्हटल्यानं त्या मताला पहिला धक्का तिथे बसला. आमच्या घरात अजूनही काही बिनसलं की बायको एवढंच म्हणते, "पोकय वाजते."

सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणे, म्हणून आम्हीही चाचा म्हणू लागलो. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत चाचा आणि चाची, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, मध्ये पडवी. त्यांना मूलबाळ नव्हतं. असतं तर कदाचित आमच्यावरचं प्रेम थोडं वाटलं गेलं असतं आणि मी थोडा बारीक राहिलो असतो.

कारण चाचांचा दुसरा विक्षिप्तपणा म्हणजे मेहमान. त्यांच्या घरचा रिवाज असा की मेहमानानं घास घेतल्याशिवाय घरचा धनी ताटाला हात लावणार नाही, आणि धन्यानं खाल्ल्याशिवाय चाची खाणार नाहीत. रिवाज चांगला आहे. पण चाचा त्यात स्वतःची भर घालत. ते मेहमानाच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि त्याच्या तोंडाकडे बघत. आमच्या पहिल्या ईदेला मला शिरखुर्म्याला बोलावलं. (किन्हीराजाला ही गोष्ट आम्ही कळवली नाही.) मी चमचा उचलला की चाचांचे डोळे वर यायचे, घास गेला की गळ्यावरून खाली उतरायचे. एखादा मोठा माणूस आपल्या कंठमण्याकडे असा टक लावून बसला, की घास जातो कुठे? मी थांबलो.

"काहून थांबला? गोड कमी हाय का?" त्यांनी वाटीला टिचकी मारली. "हे पाय, अर्धी भरेल हाय अजून. आवाज सांगते."

पडद्याआडून चाची म्हणाल्या, "अजी, त्याले खाऊ द्या न! कायले तोंडाकडे पाहून राह्यले?"

"म्या नाई पाह्यलं तर त्याले वाटन, याले आपन जड झालो."

मी तीन वाट्या गिळल्या. गिळल्या म्हणजे अक्षरशः गिळल्या.

आता माशाची गोष्ट.

चाचा दर वर्षी माल आणायला मुंबईला जात, पण गोदीपासून गोदामापर्यंत आणि गोदामापासून स्टेशनापर्यंत. समुद्र नीट पाहायला त्यांना कधी फुरसत झाली नव्हती. एका वर्षी पेट्या उशिरा उतरणार होत्या, म्हणून वेळ काढायला किनाऱ्यावर जाऊन बसले, आणि परत आले ते काही वेगळेच होऊन. दुकानात गिऱ्हाईक चिमणी मागायचं आणि हे त्याला लाट कशी मोडते ते सांगायचे. हा समुद्र चाचींना दाखवायचाच, असं त्यांनी घेतलं. चाचींचे गुडघे धरलेले. टांग्यात चढायचं तरी दोन बायांचा हात लागे.

"मले कायले समुद्र?" त्या म्हणाल्या. "हिरीवर जाता येत नाई मले."

"तू नको येऊ," चाचा म्हणाले. "मी त्यालेच आनतो."

आम्ही हसलो. पुढच्या खेपेला ते गेले ते सुताराकडून सागवानी चौकट करवून, तिला तावदानाच्या जाड काचा बसवून, सांधे राळेनं आणि मेणानं बुजवून, ती पेटी पडवीत मांडूनच. मग एका सकाळी टांगा दाराशी थांबला. त्यात पेंढ्यात रोवलेल्या समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बरण्या, आणि चाचांच्या मांडीवर एक रुंद तोंडाची बरणी, वर ओला फडका. अकोल्यापर्यंत मोठी गाडी आणि तिथून आमची छोटी गाडी, सगळा प्रवास ती बरणी त्यांच्या मांडीवर होती. डोळे तांबारलेले, दाढीला मीठ.

बरणीत एक मासा होता. तळहाताच्या अर्ध्याएवढा. चांदीवर पिवळी झाक, आणि अंगावर उभे काळे पट्टे, दौतीत बुडवलेल्या बोटानं ओढावेत तसे. खोटं कशाला सांगू, देखणा होता. चाची भिंतीला धरून धरून बाहेर आल्या, वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "इतल्या लांब आनला बिचाऱ्याले. खाते काय थो?"

चाचा दाढीतलं मीठ झाडू लागले.

"कोळ्याले इचारलं नाई तुमी?" चाचींनी विचारलं.

"इचारलं न. थो बोलला, सारं खाते."

माझ्या पुढच्या सगळ्या हालअपेष्टा या एका वाक्यातून निघाल्या. कोळ्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती, की पाणी हलतं ठेवा. ते काम माझ्याकडे आलं. शाळेला जाण्याआधी, मधल्या सुट्टीत घरी येऊन आणि शाळा सुटल्यावर मी पेटीशी उभा राहून तांब्यानं पाणी काढायचं आणि हातभर उंचीवरून परत ओतायचं. वर्गात फळ्यासमोर उभा राहिलो तरी माझा उजवा हात आपोआप वर-खाली होई.

"मास्तर शिकेल हाय," चाचा सगळ्यांना सांगत. "त्याले पान्याचं शास्त्र मालूम हाय."

आणि मासा खाईना.

पहिल्या दिवशी भाकरीचा चुरा. मग खोबऱ्याचा कीस, उकडलेल्या अंड्याचा बलक, कलेजीचा बारीक तुकडा, कुणीतरी ओढ्यातून आणलेला मेलेला झिंगा. चाचा चिमटीत घास घेत, पाण्यावर सोडत, गुडघे टेकून काचेला नाक लावत आणि नखानं टिचकी मारत. टिक्, टिक्. "मेहमान, लेव न! शरमाचं काम नाई, घर तुमचंच हाय." मासा कोपऱ्यातल्या दगडाआड जाई. मग चाचा त्या बाजूला जात, तिथल्या काचेवर टिक्, टिक्. मासा दुसऱ्या कोपऱ्यात. घास तळाशी जाऊन पांढरा पडे, आणि तो चाळणीला काठी बांधून बाहेर काढायचं काम कुणाकडे, ते मी सांगायला नको.

मला विचारलं, तेव्हा मी माझं ज्ञान पाजळलं. लहानपणी नदीवर आम्ही कणकेच्या गोळ्या करून मासे धरत असू, ते सांगितलं. "कणकेची गोळी गळाला लावली की..."

चाचांनी झटकन माझं तोंड दाबलं. "गयाचं नाव काढू नको, लेका! ऐकून राह्यला थो!"

बाजाराच्या दिवशी तर पडवीचा तमाशा झाला. मेडशीचे, इंझोरीचे, कुठकुठचे लोक बैल सोडून आधी मासा बघायला येऊ लागले. प्रत्येकाचा सल्ला. एक म्हणे मोहाची फुलं घाला, एक म्हणे नजर लागली, मिरच्या ओवाळा. इंझोरीचा एक म्हातारा बराच वेळ काचेत बघून म्हणाला, "याचं एक बरं हाय चाचा. खाऱ्या पान्यात मुरेल हाय, भाजीत मीठ टाकाचं काम नाई." चाचांनी त्याला चार महिने चिमणी विकली नाही.

रिवाज तर मोडता येत नव्हता. म्हणून सुरुवातीला चाचांनी एक पळवाट काढली होती. पेटीवर फडका टाकायचा, "मेहमान झोपला" म्हणायचं आणि गुपचूप जेवून घ्यायचं. पण दिवसेंदिवस मासा बारीक होत चालला, डोकं मोठं आणि पोट आत गेलेलं, तशी चाचांना ती पळवाट लाजिरवाणी वाटू लागली. त्यातच पेटीतलं पाणी उन्हानं बोटभर आटलं.

"पानी!" एका सकाळी ते ओरडले. "पानी कमी झालं म्हनून खात नाई. त्याले खारं पानी पायजे."

मी म्हटलं, "चाचा, समुद्र इथून..."

"लोनार," चाचा म्हणाले. "तिथलं पानी खारं हाय का नाई?"

आता मी नाही म्हणू शकलो नाही. लोणारचं तळं खारं आहे हे मीच तिसरीच्या वर्गाला शिकवत होतो. आणि दिवाळीच्या सुट्ट्या सुरू होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. तर आम्ही पेंढ्यात रिकाम्या बरण्या घालून बैलगाडीनं लोणारला गेलो. रस्ता काय वर्णावा. माझी कंबर त्या रस्त्याची आठवण अजून ठेवून आहे. खाली तळ्यापर्यंत उतरलो तेव्हा वासानंच माझं डोकं धरलं. चाचांनी मात्र बरणी भरली, कानाशी धरली, टिचकी मारली आणि समाधानानं डोळे उघडले. "आवाज तर समुद्राचाच हाय."

परतीच्या वाटेवर गाडी खड्ड्यात गेली आणि अर्धी बरणी माझ्या धोतरावर सांडली. घरी येऊन बघतो तर तेवढंच धोतर पांढरंशुभ्र झालेलं, बाकीचं आपलं मळकं. आमच्या बायकोनं ते धोतर उजेडात धरलं आणि म्हणाली, "आवो, उरलेलं पन तिथंच बुडवून आनाचं होतं न."

चाचा बरणी उचलून पेटीत रिचवणार तेवढ्यात चाचींनी आत बोटं बुडवली. बोटं एकमेकांवर चोळली. बुळबुळीत, पापडखारासारखी.

"अजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "याच्यात पापड होतीन. मासा नाई जगनार."

चाचांनी बरणी खाली ठेवली. त्या वर्षी दोन्ही घरचे पापड असे फुलले की विचारू नका. लोणारच्या खेपेचा तेवढाच फायदा.

पण त्या दुपारपासून चाचांनी पळवाट सोडली. ताट समोर आलं तर बाजूला सारलं. "घरी बोलावून मेहमानाले उपाशी ठेवलं," म्हणाले. "थो जेवीन तवा मी जेवीन." चहा घेत, एखादी खारीक चघळत, बस. ते जेवत नाहीत म्हणून चाची जेवत नाहीत. आणि ही दोघं उपाशी असताना आमच्या चुलीवर फोडणी टाकायची सोय उरली नाही. बायको दारं-खिडक्या लावून कांदा परतायची, मी धुरात डोळे पुसत जेवायचो. चोरी केल्यासारखी आमटी मी जन्मात पहिल्यांदाच प्यालो. "तुमचा मासा," बायको कुजबुजली, "कोन्ता वार धरून बसला इचारा तरी. सोमवार असन तर उद्या सोडन."

मी चिडलो होतो. माशावर चिडलो होतो, कोळ्यावर, चाचांवर. दिवस जात होते तसे चाचांचे गाल आत जाऊ लागले. साठी उलटलेला माणूस, दुकानात चिमणी उचलताना ती हातातून निसटली आणि फुटली. माझ्या माहितीत त्यांच्या हातून फुटलेली ती पहिली काच. मी रागावून म्हटलं, "चाचा, एका बोटभर माशापायी जीव द्याल काय?"

"माशापायी नाई, मास्तर," ते म्हणाले. "तिच्यासाठी आनला थो. तिच्या घरी उपाशी मेला तर कसं?"

हे चाचींनी ऐकलं. त्यांचा संयम तिथे संपला. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता, त्या दुपारी ऐकला. त्या भिंत धरत अंगणात गेल्या. हात-पाय धुवायचं पाणी साठवायला तिथे एक जुना रांजण होता. त्यातलं तांब्याभर पाणी त्यांनी आणलं आणि आटलेल्या पेटीत सरळ ओतलं. चाचा "अवं, गोडं पानी" म्हणेपर्यंत ओतून झालं. मग आत जाऊन खुंटीवरचा आपला काळा बुरखा काढून आणला आणि तो सगळ्या पेटीवर घातला. चारी बाजू झाकल्या.

"आता तिकडे पाठ करून बसा," त्या म्हणाल्या. "अन् बोट लावलं न काचेले, तर पाहा."

"पन थो जेवला का नाई, कसं समजन?"

"एवढ्या वर्षांत मी तुमच्यासमोर एक घास तरी खाल्ला का? तुमी उठून गेल्यावर पडद्यामांगंच जेवतो न आमी? मी उपाशी मेली का? कोनी असं तोंडाले तोंड लावून बसलं, वरून डोक्यात टिचक्या मारल्या, तर कोनाच्या घशाखाली जाईन?"

माझी बायको आमच्या दारात उभी होती. तिनं चाचींकडे बघून मान हलवली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघू लागलो.

चाचा पेटीला पाठ करून बसले. मीही बसलो, तांब्या हातातून काढून घेतला गेला होता. दुपारची वेळ, बाजार निजलेला. कुठेतरी एक पिंजारी कापूस पिंजत होता, तोही थांबला. बराच वेळ काहीच नाही. चाचांचं बोट सवयीनं वर यायचं आणि हवेतच थबकायचं.

मग मागून आवाज आला. इतका बारीक, की मी एकटा असतो तर मला आला नसता. टुप्.

चाचांनी डोळे मिटले.

टुप्. थोड्या वेळानं पुन्हा, टुप् टुप्.

रांजणातल्या पाण्यात काय वळवळत असतं ते आपण सगळे जाणतो. त्या डासांच्या अळ्या पाण्याच्या वरच्या अंगाला लोंबत होत्या, आणि मासा खालून येऊन एकेक उचलत होता. पण हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी चाचांनी फक्त ऐकलं. कान असा लावला होता की जणू जगातली शेवटची चिमणी पारखत आहेत. डोळ्यांच्या कडांतून पाणी दाढीत उतरत होतं.

"जेवून राह्यला," ते म्हणाले. "आवाज सांगते."

"मंग तुमी बी जेवा," चाची म्हणाल्या आणि ताट वाढायला वळल्या.

तो मासा आमच्या पडवीत हिवाळाभर जगला. रांजण कधी घासायचा नाही असा हुकूम निघाला, त्यामुळे डासांनी आम्हाला फोडून काढलं. चाची दुपारी जपमाळ घेऊन पेटीशी बसत. बुरखा थोडा वर करत, काचेकडे सरळ न बघता तिरक्या नजरेनं बघत. एकदा मी विचारलं, काय बघता? म्हणाल्या, "समुद्र." उन्हाळा लागला आणि पाणी तापलं, तशी एका सकाळी चाचांनी त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून विहिरीमागं पुरलं. त्यांनी दुसरा मासा आणला नाही. पेटी मात्र रिकामी तशीच पडवीत राहिली, रोज पुसलेली.

पुढे माझी बदली झाली. वाशीमला जाणं-येणं कमी होत गेलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की चाचा आजारी आहेत, तसा गेलो. पडवीत खाट, त्यावर चाचा, अंगात काही उरलं नव्हतं. दोन्ही हातांची बोटं छातीवर ठेवलेली. चाची उशाशी.

"काही खाऊन नाई राह्यले," त्या मला म्हणाल्या. "तुमी सांगा. तुमचं ऐकतीन."

मी पेजेची वाटी घेतली, खाटेसमोर बसलो. मास्तरकी अंगात मुरलेली; गुडघ्याला गुडघा लावला, चमचा पुढे केला. "चाचा, घ्या. एक घास. घ्या ना. अहो, काय हे, इतकं काय अवघड आहे?" त्यांनी ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे असे बघू लागले की मला माझाच राग आला. मी चमचा वाटीवर वाजवला. "घ्या!"

"मास्तर," चाची म्हणाल्या. "तिकडे तोंड करा."

मी वाटी चाचांच्या हाताशी ठेवली आणि पाठ केली. समोर ती काचपेटी होती, रिकामी, स्वच्छ. तिच्यात खाट दिसत होती, खाटेवरचे चाचा दिसत होते. हे लक्षात आलं तसे मी डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काहीच नाही. मग मागे वाटीला चमचा लागला. आणि थोड्या वेळानं पुन्हा.